जुन्या मोटारीचे मागील क्वार्टर पॅनेल बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज परिसरात पत्राकाम करताना गाडीमालक जे प्रश्न आम्हांला पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. हे विवेचन मारुती ८००, झेन, एस्टीम, अ‍ॅम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी अशा जुन्या, पोलादी पत्र्याच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

क्वार्टर पॅनेल म्हणजे गाडीचा नेमका कोणता भाग?

मागच्या दाराच्या फटीपासून डिकीच्या कडेपर्यंत आणि छताच्या मागच्या खांबापासून चाकाच्या कमानीखालपर्यंत पसरलेला जो एकसंध पत्रा असतो, त्याला क्वार्टर पॅनेल म्हणतात. आपल्याकडे त्याला सर्रास ‘मागचे मडगार्ड’ म्हटले जाते आणि निम्मा गैरसमज या नावातूनच होतो. पुढचे मडगार्ड नटबोल्टांनी बसवलेले असते. ते सकाळी काढून संध्याकाळी दुसरे लावता येते. मागचे पॅनेल मात्र छत, खांब, दाराखालचा सिल, डिकीचा तळ आणि चाकाची आतली कमान या सर्वांना स्पॉट वेल्डिंगने (ठिपक्याठिपक्यांच्या वेल्डिंगने) जोडलेले असते आणि गाडीच्या सांगाड्याचा भार त्यावरही येतो. म्हणून हे काम कापण्याचे आणि वेल्डिंगचे आहे, केवळ बदलण्याचे नाही.

चाकाच्या कमानीवर रंग थोडासा फुगला आहे. लांबी (पुट्टी) भरून भागणार नाही का?

हा प्रश्न आम्हांला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. दगड लागून किंवा ओरखडा येऊन बाहेरून धरलेला गंज वेगळा आणि आतून पत्रा खात आलेला गंज वेगळा. पहिल्या प्रकारात पत्रा स्वच्छ घासून, एपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा गंजरोधक थर) मारून रंग दिला की काम होते. दुसऱ्या प्रकारात रंगावर फुगा दिसतो, तेव्हा पत्र्याला बहुधा आरपार छिद्र पडलेले असते. त्यावर भरलेली लांबी मागून ओलावा शोषत राहते आणि एक-दोन पावसाळ्यांत आजूबाजूच्या रंगासह सुटते. तोपर्यंत गंज मात्र थांबलेला नसतो, तो लांबीच्या आड पसरत असतो.

हे ओळखणे अवघड नाही. एक लहानसा लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून कमानीवरून फिरवावा; जेथे तो धरत नाही, तेथे जाड लांबी आहे असे समजावे. त्यानंतर बोटाच्या पेराने पत्रा ठोकून पाहावा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, लांबीचा आवाज बद्द येतो. शेवटी चाकाच्या बाजूने हात घालून कमानीची दुमडलेली कड चाचपावी आणि शंका असलेल्या जागी स्क्रूड्रायव्हरचे टोक जोर देऊन टेकवावे. टोक आत गेले, तर लांबीचा विचार तेथेच सोडून द्यावा. वापरलेली गाडी विकत घेण्यापूर्वीही ही तीन मिनिटांची तपासणी करावी, असा आमचा आग्रह आहे.

गंज आतूनच का सुरू होतो?

बाहेरचा पत्रा आणि आतली कमान जेथे एकत्र दुमडून जोडलेली असतात, तेथे एक अरुंद खोबण तयार होते. चाकाने उडवलेली माती तिथे साचते, पाण्याच्या निचऱ्यासाठी खाली ठेवलेली छिद्रे बुजतात आणि पाऊस थांबल्यानंतरही आठवडेच्या आठवडे तेथे ओल राहते. मागच्या दिव्याचे रबर कडक होणे, डिकीचे रबर फाटणे किंवा पेट्रोल भरण्याच्या नळीभोवतीचे रबर सैल होणे या मार्गांनीही पाणी याच पोकळीत उतरते. शिराळा, पाटण, जावळी या पावसाच्या पट्ट्यातील आणि कुंभार्ली घाटाने कोकणात नेहमी जा-ये करणाऱ्या गाड्यांच्या कमानी लवकर सडतात. जत-आटपाडीकडच्या तितक्याच जुन्या गाड्या आमच्याकडे बऱ्याच निरोगी अवस्थेत येतात.

सांगलीच्या गाड्यांना याखेरीज कृष्णेचा गाळ भोवतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत ज्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, त्यांची इंजिने आणि आसने मालकांनी साफ करून घेतली, परंतु पॅनेलच्या पोकळीत शिरलेला गाळ काढण्याचे फार थोड्यांना सुचले. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती चौकाच्या बाजूला पुराच्या पाण्यात राहिलेली एक एस्टीम दोन वर्षांनी आमच्याकडे आली. बाहेरून तिच्या डाव्या कमानीवर सुपारीएवढा एकच फुगा होता. पत्रा कापून उघडल्यावर आत चार बोटे गाळ निघाला. तो वरून सुकून पापुद्रे धरलेला, खाली मात्र अजून ओला होता आणि त्यात उसाच्या पाचटाची एक काडी जशीच्या तशी अडकलेली होती. त्या गाळाला टेकून असलेली पत्र्याची कड बोटांत धरली, तर बिस्किटासारखी चुरली. पुरात सापडलेल्या गाडीचे मागचे आसन आणि आतले अस्तर काढून ही पोकळी पाण्याने धुऊन घेणे हे इंजिनाचे तेल बदलण्याइतकेच निकडीचे आहे.

ठोकून सरळ करावे, तुकडा लावावा की पूर्ण पॅनेल बदलावे?

अपघाताचा पोचा असेल आणि पत्रा फाटलेला नसेल, तर हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे टेकवायच्या लोखंडी ठोकळ्याने) तो सरळ करणेच योग्य. कारखान्यात जोडलेला मूळ पत्रा विनाकारण कापू नये, असे आमचे ठाम मत आहे. गळिताच्या हंगामात ऊसाच्या ट्रॉलीने घासल्यामुळे दबलेली पॅनेले आमच्याकडे बरीच येतात. त्यांतील बहुतेक सरळ होतात, मात्र घडी ज्या रेषेत पडली आहे तेथे पत्रा ताणला गेलेला असेल, तर तो दाबला की डबडब वाजतो आणि कितीही ठोकला तरी जागेवर राहत नाही. अशा वेळी तेवढा भाग बदलावा.

गंज कमानीच्या कडेपुरता असेल, तर कमानीचा तुकडा पुरेसा होतो. गंज कमानीपासून सिलपर्यंत आणि मागे दिव्याच्या खालपर्यंत पोहोचला असेल, तर चार तुकडे जोडण्यापेक्षा खालचे अर्धे किंवा पूर्ण पॅनेल बसवणे शहाणपणाचे, कारण प्रत्येक जोड ही पुढच्या गंजाची संभाव्य जागा असते.

परंतु या सर्वांआधी एक गोष्ट तपासावी लागते. आतली कमान, शॉक अ‍ॅब्सॉर्बर ज्यावर बसतो तो भाग आणि मागच्या सीटबेल्टचे बोल्ट ज्यात घट्ट होतात तो पत्रा सडला असेल, तर बाहेरचे पॅनेल हे दुय्यम काम ठरते. आतला सांगाडा आधी दुरुस्त झाला पाहिजे. तो तसाच ठेवून वर नवा पत्रा चढवणे म्हणजे माणसांच्या जिवाला असलेला धोका रंगवून झाकणे होय आणि असे काम आम्ही घेत नाही.

बंद झालेल्या मॉडेलचे पॅनेल कोठे मिळेल?

मारुती ८०० चे आणि अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याच्याही कितीतरी आधी. तरीही जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत न वापरलेले पॅनेल अधूनमधून मिळते. कुर्ल्याच्या आणि पुण्याच्या जुन्या बाजारांत चौकशी करण्यात अर्थ आहे. दुसरा मार्ग म्हणजे भंगारात निघालेल्या गाडीचे पॅनेल कापून आणणे. ते घेताना चाकाच्या कमानीची आणि खालच्या कडेची पाठची बाजू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि हवे त्यापेक्षा चार-सहा इंच जास्त कापून घ्यावे, कारण नेमकी जोड कोठे बसेल हे गाडीवर धरून पाहिल्यावरच ठरते.

तिसरा मार्ग पत्रा घडवण्याचा. कमान किंवा खालची पट्टी २० किंवा २२ गेजच्या, म्हणजे अनुक्रमे सुमारे ०.९ आणि ०.७ मिलिमीटर जाडीच्या सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेल्या) पत्र्यातून घडवता येते. मूळ पत्र्याची जाडी मोजून त्याच्याशी जुळणारे गेज घ्यावे. जाड पत्रा ‘मजबूत’ म्हणून लावण्याचा आग्रह धरू नये. पातळ मूळ पत्र्याला जाड तुकडा वेल्ड करताना पातळ बाजू आधी वितळते. हाताने कमान घडवणारे जुने कारागीर सांगली-कोल्हापूर भागात आता मोजकेच उरले आहेत. त्यांचे काम पाहण्याची संधी मिळाली, तर ती दवडू नये.

काम प्रत्यक्षात कोणत्या क्रमाने होते?

प्रथम बॅटरी सोडली जाते. त्यानंतर मागचे आसन, आतले अस्तर, मागचा दिवा, बंपर, त्या बाजूची काच आणि वायरिंग काढले जाते. काच काढणे शक्य नसेल, तर ती जाड ओल्या कापडाने पूर्ण झाकावी लागते, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून कायमचे डाग पाडतात.

पॅनेल कापण्यापूर्वी गाडी स्वतःच्या चाकांवर किंवा अ‍ॅक्सलखाली समान आधार देऊन सपाट जागेवर उभी करावी. एका कोपऱ्याला जॅक लावून पॅनेल कापले, तर सैल झालेला सांगाडा किंचित वळतो, आणि नवे पॅनेल त्याच वळलेल्या स्थितीत वेल्ड झाल्यावर डिकी कधीच नीट बंद होत नाही. डिकीच्या तोंडाचे दोन्ही कर्ण आणि दाराची फट कापण्याआधी मोजून लिहून ठेवावी.

स्पॉट शोधण्यासाठी रंग घासून काढतात, मग प्रत्येक स्पॉट ड्रिलने असा काढतात की वरचा पत्रा सुटेल, पण खालची पट्टी शाबूत राहील. छेनीने ओरबाडून पॅनेल काढले, तर खालची पट्टी वेडीवाकडी होते आणि ती सरळ करण्यात वाचवलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ जातो. मागच्या खांबावर पॅनेल पूर्ण वरच्या जोडापर्यंत न काढता खांबाच्या सोयीस्कर जागी आडवे कापले जाते. ही जागा सीटबेल्टच्या वरच्या बोल्टपासून आणि आतल्या मजबुतीच्या पट्टीपासून दूर असावी.

यानंतरचा टप्पा आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे आणि घाईत नेमका तोच गाळला जातो. नवे पॅनेल क्लॅम्प आणि स्क्रूंनी केवळ धरून ठेवावे. दार, डिकी आणि दिवा प्रत्यक्ष बसवावेत. दार दहा वेळा उघडून बंद करावे. फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का ते पाहावे. फट चुकली, तर या क्षणी स्क्रू सैल करून ती दोन मिनिटांत सुधारता येते. वेल्डिंग झाल्यावर तीच चूक सुधारायला पुन्हा कापावे लागते. आम्ही या जुळणीला अर्धा दिवस सहज देतो.

जुळणी पक्की झाल्यावर पॅनेल उतरवून, जेथे दोन पत्रे एकमेकांवर बसणार आहेत तेथे जस्ताचा वेल्डिंग प्रायमर लावला जातो, कारण त्या सांध्यात नंतर ब्रश कधीही पोहोचत नाही. मग नव्या पॅनेलच्या कडेला सुमारे ८ मिलिमीटरची छिद्रे पाडून ती सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने केलेल्या वेल्डिंगने) भरतात. ही छिद्रे मूळ स्पॉट जितक्या अंतरावर होते तितक्याच, किंवा किंचित कमी अंतरावर असावीत. खांबावरील उघडी जोड सलग शिवायची नसते. एक टाका येथे, दुसरा त्यापासून दूर, मधे पत्रा थंड होऊ देत, अशा रीतीने ती पूर्ण करतात. सलग मारलेल्या वेल्डिंगने पत्रा तापून लाटा धरतो.

पेट्रोलची टाकी काढलीच पाहिजे का?

होय. नळीचे तोंड याच पॅनेलमध्ये असते आणि रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना अधिक धोकादायक असते. टाकी काढून दूर ठेवावी, नळीची तोंडे बंद करावीत, सीएनजीचे सिलिंडर असल्यास तेही अधिकृत माणसाकडून उतरवून घ्यावे आणि अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. यात तडजोड नाही.

आमच्या गावातले कारागीर गॅस वेल्डिंग करतात. ते चालेल का?

जुन्या पिढीतील कारागिरांनी गॅसवर उत्तम कामे केली आहेत, त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे. परंतु गॅसच्या ज्योतीने पत्र्याचा मोठा भाग तापतो, सपाट पॅनेल ताणले जाते आणि ते पूर्ववत करण्यासाठी मग जाड लांबी भरावी लागते. पितळ वितळवून केलेली जोड तर भार घेणाऱ्या जागी वापरूच नये. शक्य असेल तेथे सीओटू वेल्डिंगच करून घ्यावे.

पत्र्यावर पत्रा चढवून जोडला तर काय बिघडते?

सुरुवातीच्या वर्षांत आम्ही कमानीचे तुकडे असेच जोडत होतो, कारण ते सोपे जाते. अशा एका गाडीचा रंग दोन पावसाळ्यांनंतर बरोबर जोडीच्या रेषेत फुगला. उघडून पाहिले तेव्हा दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी उभे राहत असल्याचे दिसले; मागून ती फट आम्ही सीलबंद केलीच नव्हती. ते काम आम्ही पुन्हा विनामूल्य करून दिले. तेव्हापासून दिसणाऱ्या भागात पत्रा कडेला कड भिडवूनच जोडतो, आणि जेथे एकावर एक बसवणे अटळ आहे तेथे मागच्या बाजूने सीलर (फट बुजवणारा लेप) भरून पोकळीत गंजरोधक मेण फवारल्याशिवाय अस्तर बसवत नाही.

वेल्डिंगनंतर लांबी किती असावी?

जोड सपाट दिसावी म्हणून थोडी लांबी लागतेच, त्यात फसवणूक नाही. ती २ ते ३ मिलिमीटरच्या आत असावी. त्याहून अधिक लागत असेल, तर पत्रा अजून सरळ झालेला नाही असे समजून पुन्हा हातोडी घ्यावी.

जुन्या रंगाशी नवा रंग जुळेल का? पावसाळ्यात काम करावे का?

डबीवरच्या रंगाच्या क्रमांकाप्रमाणे बनवलेला रंग नव्या गाडीशी जुळतो. वीस वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीशी नाही. म्हणून पेट्रोलच्या झाकणासारखा लहान भाग पॉलिश करून त्यावरून रंग मिळवावा आणि तो शेजारच्या दारावर हळूहळू विरत न्यावा. चांदीच्या छटेच्या रंगांत फरक सर्वांत लवकर दिसतो.

पत्राकाम वर्षभर होते. उघड्या शेडमधील रंगकाम मात्र जुलै-ऑगस्टमध्ये टाळावे, विशेषतः साताऱ्याच्या पश्चिम भागात. हवेतील दमटपणामुळे रंगावर पांढुरकी झाक येते. शिवाय उघडा पत्रा रात्रीत गंजाची लाली धरतो, म्हणून घासलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. दोन भाग मिसळून वापरायचे आधुनिक रंग फुफ्फुसांना अपायकारक असतात. रंगारी केवळ रुमाल बांधून फवारत असेल, तर मालकानेही त्याला योग्य मास्कसाठी आग्रह करावा.

विम्यातून खर्च मिळतो का?

गंजाचा खर्च कोणत्याही पॉलिसीत मिळत नाही. अपघाताचा मिळतो, पण गाडीवर केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीसाठी काहीही मिळत नाही, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांवर तेवढाच विमा असतो. सर्वसमावेशक पॉलिसीतही पत्र्याच्या भागांवर वयानुसार घसारा कापला जातो : ५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० टक्के, १० वर्षांपुढे ५० टक्के. रंगाच्या साहित्यावरही ५० टक्के कपात होते. सर्व्हेअरने गाडी पाहण्यापूर्वी एकही भाग उघडू नये.

आरटीओची परवानगी लागते का?

मूळ रचनेचेच पॅनेल त्याच रंगात बसवले, तर वेगळी परवानगी लागत नाही. गाडीचा रंग बदलायचा असेल, तर त्याची नोंद आरसीमध्ये करून घ्यावी लागते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पुढे ५-५ वर्षांसाठी वाढवली जाते. पासिंग जवळ आले असेल, तर सडलेल्या पत्र्याचे काम त्याआधी पूर्ण करावे, म्हणजे घाईत लांबी थापण्याची वेळ येत नाही.

खर्चाचा अंदाज आधी का सांगितला जात नाही?

कारण आतली कमान उघडल्याशिवाय दिसत नाही. प्रामाणिक अंदाजपत्रकाचे दोन भाग असावेत : बाहेरच्या पॅनेलची ठरलेली मजुरी, आणि आत सडलेले निघाल्यास मालकाला दाखवून मगच ठरवायची रक्कम. वेल्डिंग, प्रायमर, सीलर, पोकळीतील मेण आणि रंग या बाबी स्वतंत्र लिहून घ्याव्यात. ‘सर्व मिळून एवढे’ असा एकच आकडा दिला, तर सर्वप्रथम गाळले जाते ते सीलर आणि मेण, कारण ते बाहेरून दिसत नाहीत.

काम चालू असताना मालकाने गॅरेजमध्ये यावे का?

अवश्य यावे, किमान तीन वेळा. जुने पॅनेल निघाल्यावर, आतली कमान उघडी असताना. नवे पॅनेल केवळ क्लॅम्पवर असताना, फटी पाहण्यासाठी. आणि वेल्डिंगनंतर लांबी लावण्यापूर्वी. या तिन्ही वेळी मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत. रंग चढल्यानंतर चांगले काम आणि वाईट काम दोन-तीन वर्षे सारखेच दिसते. जो कारागीर या तीन वेळा गाडी दाखवायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे गाडी देऊ नये.

पॅनेल बदलल्यावर पुन्हा सडू नये म्हणून काय करावे?

पहिला महिना नव्या रंगावर पॉलिश किंवा मेण लावू नये. साध्या पाण्याने धुवावे. त्यानंतर दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस चाक काढून कमानीच्या कडेमागील माती पाण्याच्या जोराने काढावी, सिलच्या आणि पॅनेलच्या तळाची छिद्रे मऊ तारेने मोकळी करावीत, आणि मेणाचा थर निघालेला असेल तेथे पुन्हा फवारावा. पावसाळ्यातल्या पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींनंतर डिकीतील गालिचा उचलून हात फिरवावा. ओल लागली, तर मागच्या दिव्याचे रबर त्याच आठवड्यात बदलावे.